मॅकिनॉ बेटावर सगळे फज खायला जातात, मी एका माणसाच्या पोटासाठी गेले

मिशिगनच्या उत्तरेला मॅकिनॉ नावाचं बेट आहे. 1898 पासून तिथे मोटारींना बंदी, सगळीकडे घोडागाड्या नाहीतर सायकली, आणि कुणालाही विचारा काय बघायचं तर उत्तर एकच, फज (साखर, दूध, लोणी आटवून केलेल्या मऊ वड्या) खा. डेट्रॉइटहून भाऊ-वहिनीबरोबर गेले, गाडीने साडेचार तास आणि मग फेरीबोट, त्यात सांगण्यासारखं काही नाही. धक्क्यावर उतरलं की घोड्यांच्या लिदीचा आणि तापलेल्या साखरेचा वास एकदमच नाकात शिरतो. मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, संगमरवरी ओट्यावर फज घोटताना बघायला लोक काचेला चिकटून उभे. आणि तिथून चार पावलांवर, मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या म्युझियममधे आम्ही धरून पाच-सहा माणसं. मला खरंच राग आला.

मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवायचे. दरवर्षी फळ्यावर जठर काढायचं, जठररस, हायड्रोक्लोरिक आम्ल, पेप्सिन, मुलं घोकायची. पण हे कळलं कुणाच्या पोटातून, ते पुस्तकात नव्हतं. ते इथलं, आता म्युझियम आहे त्या जागच्या जुन्या दुकानातलं.

6 जून 1822. प्राण्यांच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या अमेरिकन फर कंपनीच्या या दुकानात (आताची इमारत नंतर बांधलेली) गर्दीत कुणाची तरी बंदूक चुकून सुटली आणि अलेक्सी सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याच्या डाव्या कुशीत अगदी जवळून छर्रे घुसले. बरगड्या तुटल्या, जठराला भोक पडलं, सकाळी खाल्लेलं त्यातून बाहेर येत होतं. वरच्या किल्ल्यातला लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट धावत आला, हा काही वाचत नाही असंच त्याला वाटलं. पण अलेक्सी वाचला, फक्त भोक बुजलं नाही. जठराची कड बाहेरच्या कातडीला जुळून आली आणि पोटात थेट बघता येईल अशी वाट कायमची राहिली.

तोपर्यंत पोटात अन्नाचं काय होतं यावर नुसते वाद होते, कुणी म्हणायचं दळलं जातं, कुणी म्हणायचं कुजतं, कुणी म्हणायचं उष्णतेने शिजतं. आधीच्या काही संशोधकांनी रस असतो हे दाखवलं होतं, पण जित्या माणसाच्या पोटात इतका वेळ बसून कुणी बघितलं नव्हतं. 1825 च्या ऑगस्टमधे, नायगारा किल्ल्यावर बदली झाल्यावर, ब्यूमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे वेगवेगळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून दुपारी 12 वाजता त्या भोकातून आत सोडले. एक वाजता ओढून बघितलं तर पाव-कोबी निम्मे विरघळलेले, मांस जसंच्या तसं. दोन वाजता पाव, कोबी, डुकराचं मांस आणि उकडलेलं बीफ दोऱ्यावरून साफ गायब. अलेक्सीचं पोट आणि डोकं दुखायला लागलं, दुसऱ्या दिवशीही थांबेना, तेव्हा औषधाच्या गोळ्यासुद्धा त्याच भोकातून टाकल्या.

मग त्याने रस बाहेर काढून बाटलीत अन्नासोबत ठेवला, अंगाइतकी ऊब दिली की तिथेही ते विरघळायचं, म्हणजे हे काम रसायनाचं. रिकाम्या जठराला त्याने स्वतःची जीभ लावून बघितली, आंबट लागलं नाही, अन्न आलं की आम्ल सुटतं. अलेक्सी चिडला की पचन बिघडतं, हेही त्याने लिहून ठेवलं. 1833 मधे या सगळ्याचं पुस्तक आलं. पेप्सिन सापडलं त्यानंतर, 1836 मधे, थिओडोर श्वानला. आणि जठर म्हणजे काही सगळं पचन नव्हे. तिथे प्रथिनं तुटायला लागतात आणि अन्नाची पेज होते, खरं शोषण पुढे सहाएक मीटरच्या लहान आतड्यात, स्वादुपिंडाचा रस आणि पित्त मिसळल्यावर. ते काही त्या भोकातून दिसत नव्हतं.

हे सगळं मी वहिनीला उभ्या उभ्या समजावून सांगत होते, मास्तरीण हाडात आहे. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "ताई, पण त्याला कुणी विचारलं का, करू का म्हणून?"

भाऊ म्हणाला, "अगं, पैसे देत होते की."

देत होते. 1832 च्या करारात वर्षाला 150 डॉलर आणि राहणं-खाणं. पण वल्हं मारणारा, लिहिता-वाचता न येणारा माणूस, डॉक्टरच्याच घरी लाकडं फोडायची, पाणी भरायचं, आणि हाक आली की आडवं होऊन पोट उघडं करायचं. अशा माणसाने नाही कसं म्हणायचं? तरी या कराराआधी तो एकदा निघून गेलाच होता, न विचारता, कॅनडात, लग्न केलं. पुन्हा बोलावलं तेव्हा बायको-पोरं घेऊन आला, आणि 1831 मधे परतला तो मिसिसिपी नदीपासून कॅनडातल्या मॉन्ट्रियलपर्यंत, होडीने, पोटाला भोक असताना! भावाशी माझं या पैशांवरून भांडणच झालं, किल्ल्याची चढण चढेपर्यंत आम्ही बोललो नाही. किल्ल्यावरून दिसतं छान. बाकीचा दिवस सायकल आणि ऊन.

ब्यूमाँट 1853 मधे गेला, अलेक्सी 1880 मधे, म्हणजे ज्याच्या जगण्याची आशा नव्हती तो डॉक्टरनंतर 27 वर्षं जगला. त्याचं जठर मिळावं म्हणून डॉक्टर लोक टपलेले होते. घरच्यांनी प्रेत मुद्दाम सडू दिलं आणि मग खोल पुरलं. म्युझियममधे हे वाचताना मी मनात म्हटलं, बरं केलंत.

तुम्ही गेलात तर उन्हाळ्यातच जा, हिवाळ्यात म्युझियम बंद असतं, आणि बोटीतून उतरल्या उतरल्या आधी तिथे जा, फज संध्याकाळीही मिळतं. माझं आता क्यूबेकमधल्या जोलिएटजवळच्या सें-तोमाला जायचं ठरतंय, तिथल्या चर्चपाशी 1962 मधे कॅनडाच्या शरीरशास्त्रज्ञांनी अलेक्सीच्या नावाची पाटी लावली आहे. भाऊ म्हणतो फार लांब पडेल. वहिनी मात्र तयार आहे.