माइकवर रेघ आणि दीड वाजताचं ऑडिट

मी डेस्कटॉप सपोर्टला आहे, एका व्हेंडरकडून, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले क्लायंट माझ्याकडे असतात. मे महिन्यात रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीतून सकाळी फोन, आज जर्मन कस्टमरचं ऑडिट आहे टीम्सवर (मायक्रोसॉफ्टचं व्हिडिओ मीटिंगचं ॲप), दुपारी दीडला, क्यूसीच्या, म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या, पीसीवर टीम्स नाहीये, येऊन टाकून दे. दीड का तर तिकडे सकाळचे 10, उन्हाळ्यात साडेतीन तासांचाच फरक असतो. ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली, रबाळ्याला उतरून रिक्षा केली आणि गेटवर मोबाइल जमा केला, तिथला नियमच आहे. ही मोबाइलची गोष्ट पुढे नडणार होती.

पीसी पुण्याच्या हेड ऑफिसने असा आवळलेला की बाहेरची एकही ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, चालत नाही, ॲडमिन पासवर्डही त्यांच्याकडेच. मी म्हटलं हरकत नाही, ब्राउझरमधून करू. पूर्वी यासाठी प्लगिन वगैरे लागायचं, आता वेबआरटीसी या ब्राउझरमधल्याच तंत्रामुळे माइक-कॅमेरा ब्राउझरच सांभाळतो, 2021 मध्ये ते डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, स्टँडर्डसुद्धा झालं. लिंक उघडली की 'याच ब्राउझरवर पुढे जा' म्हणायचं, संपलं. असं मला वाटलं.

क्यूसीतल्या मुलाने आधीच प्रयत्न करून ठेवला होता, इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत. लॉगिन करतोय, पान फिरतंय, परत लॉगिन. आपल्याकडे काहीही अडलं की 'इन्कॉग्निटोमध्ये करून बघ' हे ठरलेलंच. पण क्रोमचं इन्कॉग्निटो थर्ड-पार्टी कुकीज (उघडलेली साइट सोडून दुसऱ्या साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) मुळातच अडवतं, आणि टीम्सचं लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या दोन-चार वेगवेगळ्या डोमेनमधून फिरून येतं, त्या कुकीजशिवाय ते गोल गोलच फिरत बसतं. साध्या विंडोत उघडलं, आत गेलो.

आणि माइकवर रेघ. दाबला तरी ढिम्म.

ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाचं आयकॉन उघडलं (तिथलं कुलूप 2023 मध्ये काढून क्रोमने दोन स्लायडरसारखं काहीतरी बसवलंय, फोनवर सांगताना अजून माझी पंचाईत होते). मायक्रोफोन बंद, आणि बदलताच येईना. तीन टिंबांच्या मेनूत सगळ्यात खाली 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित'. मग ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं टाकलं. संस्थेने लावलेल्या नियमांची लांबलचक यादी आली आणि त्यात ऑडिओ कॅप्चर अलाउड, म्हणजे माइकची परवानगी, समोर फॉल्स, म्हणजे नाही. म्हणजे विंडोजमध्ये माइक चालू, हेडफोन नवा, साइट बरोबर, पण पुण्यात कोणीतरी कधीतरी ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या पीसींना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये, नाही म्हणून ठेवलंय. समोर बसलेल्याने कितीही क्लिक केलं तरी काही होणार नव्हतं, आणि क्यूसीचे साहेब बिचाऱ्या त्या मुलावर डाफरत होते.

मोबाइल गेटवर. इन्व्हाइटच्या तळाशी डायल-इन नंबर होता, फ्रँकफर्टचा. लँडलाइनवरून लावू म्हटलं तर आयएसडीला पिन, पिन अकाउंट्सच्या मॅडमकडे, मॅडम जेवायला. साहेब म्हणाले, "अरे, एवढं मोठं ऑडिट आणि आपण हातवारे करायचे का?"

पुण्याला फोन लावला. तिकडचा आयटीवाला म्हणाला आधी तिकीट, म्हणजे सिस्टीममध्ये रीतसर विनंती, टाका, मग अप्रूव्हल. त्याचंही चूक नाही, फॅक्टरीतल्या पीसींचा माइक सरसकट कोण उघडेल? म्हणून मी म्हटलं, मास्टर सेटिंग फॉल्सच ठेवा, फक्त ऑडिओ कॅप्चर अलाउड यूआरएल्स ही दुसरी पॉलिसी आहे त्यात टीम्सचा एकच पत्ता घाला, तोही या एका पीसीपुरता, बाकी सगळ्या साइट बंदच राहतात. मग साहेबांनी फोन हातात घेतला, ते काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. तिकडून "करतो" आलं. नवी पॉलिसी लगेच पीसीवर यावी म्हणून मी कमांड प्रॉम्प्टवर जीपीअपडेट स्लॅश फोर्स मारलं, पॉलिसीच्या पानावर रीलोडचं बटण दाबलं, यादीत नवी ओळ दिसली. पान रिफ्रेश केलं, रेघ गेली.

दीड वाजून गेला होता. जर्मन बाई शांतपणे थांबल्या होत्या, कॅलिब्रेशनचे रेकॉर्ड दाखवा म्हणाल्या. आवाज मधूनच तुटायला लागला, बहुतेक फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) यूडीपी, म्हणजे कॉलच्या आवाजाचा जलद रस्ता, सोडत नसावा, मग सगळं टीसीपी 443 या साध्या वेबसाइटच्या रस्त्यावरून जातं आणि अडखळतं. पण फायरवॉलसाठी पुण्याला परत फोन करायची हिंमत कोणातच नव्हती. येणारा व्हिडिओ बंद केला, फक्त स्क्रीन शेअर ठेवली, तेवढ्यावर तासभर निभावलं.

तिकीट मी तरीही टाकलं, फायरवॉलचं आणि क्यूसीच्या पीसीच्या माइकचं, दोन्ही. अजून पेंडिंगच दाखवतंय.