६४१ जणांची सामंथा

गणपतीला गावी आलोय. देवगडच्या अलीकडे आमची वाडी, पावसात रेंज कधी असते कधी नसते म्हणून पिक्चर पुण्यातूनच भरून आणलेले, त्यातला 'हर' काल रात्री पडवीत लावला. २०१३ चा, स्पाइक जोन्झचा. थिओडोर नावाचा एक एकटा माणूस, बायकोशी घटस्फोट चाललाय, तो कॉम्प्युटरची नवीन सिस्टीम घेतो आणि त्या सिस्टीमच्या आवाजाच्याच, म्हणजे सामंथाच्या, प्रेमात पडतो. बस्स, एवढीच स्टोरी.

आजी शेजारी वाती वळत बसलेली. "कोण रे ता? मगासधरना बोलता, तोंड काय दिसणा नाय."

आता हिला काय सांगणार! म्हटलं मशीन आहे गं, माणूस नाहीच, आवाज फक्त. (त्या आवाजाचीही गंमत आहे, शूटिंगला सेटवर समंथा मॉर्टन बोलत होती आणि नंतर एडिटिंगच्या वेळी तिचा आवाज काढून स्कार्लेट जोहान्सनचा घातला. म्हणजे हिरो बोलला एकीशी आणि आपण ऐकतो दुसरीला.) आजीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने विचारलं, हा बाबा कामधंदा काय करतो? आणि थिओडोरचं काम काय, तर लोकांची पत्रं लिहून देणं. नवऱ्याकडून बायकोला, मुलाकडून आईला, सगळी हाच लिहिणार.

"म्हणजे आमचे गुरुजी," आजी म्हणाली.

मग पिक्चर पॉजच करावा लागला. आजोबा मुंबईला गिरणीत, आजीला लिहिता येत नाही, त्यामुळे शाळेतले गुरुजी रविवारी वाडीतल्या सगळ्या बायकांची पत्रं लिहायचे, ओटीवर रांग लागायची म्हणे. सगळ्यांच्या समोर सांगायचं तर काय सांगणार, म्हैस व्याली, कौलं फुटली, पैसे पाठवा. एवढंच. पण एका शिमग्याला आजोबा आले ते भलतेच खुशीत, बोटीतून उतरल्यापासून हसतायत, म्हणे पत्रात काय काय लिहितेस हल्ली, तुझ्याशिवाय घर खायला उठतं वगैरे.

"मिया सांगूक नाय तसा," आजी म्हणाली. "गुरुजींनीच घातल्यानी."

पुढे तो जिन्यावरचा सीन आला. थिओडोर पायऱ्यांवर बसून विचारतो, तू आत्ता आणखी कोणाशी बोलतेयस का, ती म्हणते ८३१६ जणांशी, आणि प्रेमात किती जणांच्या, तर ६४१. पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, मी तेव्हा नुकताच ब्रेकअपमधून उठलेलो, त्यामुळे सामंथाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. आजीला आकडे सांगितले तर ती वात वळता वळता म्हणाली, गुरुजींकडे पण आख्खी वाडी असायची. वर म्हणते, माझं पत्र लिहून झालं की लगेच पुढचीचं घ्यायचे, तेव्हा जरा राग यायचा.

कोणाचा राग गं, विचारलं तर उत्तर नाही.

"आजोबांना सांगितलंस कधी? ते वाक्य तुझं नव्हतं म्हणून?"

"कित्याक सांगू?" तिने वातींचं ताट बाजूला सरकवलं. "तुझा ता पुढे लाव, त्येचा काय झाला ता बघूया."