गाणं संपेपर्यंत

"म्हणजे रेवती परत आली तेव्हा तिच्या मैत्रिणी नव्हत्याच?" भाचीने आईला मध्येच थांबवलं.

आई भागवतातला नववा स्कंध सांगत होती. ककुद्मी राजा लेकीला, रेवतीला, घेऊन तिच्यासाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे जातो. तिथे गाणं चाललेलं, म्हणून क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटतात.

"आजी, हे तर टाइम डायलेशन! वेगाने जाणाऱ्या यानात वेळ हळू सरतो ना, तसं!"

मी लगेच शहाणपणा केला. पुराणात सापेक्षता नसते, ती आइन्स्टाइनची, १९०५ची. बरोबरच होतं माझं. पण ऐकतंय कोण!

आई विचारत होती, "यानातून परतल्यावर कुणीच ओळखीचं नसेल, तर ती पोर राहणार कुणाकडे गं?"

हा प्रश्न पोथीतला की प्रयोगशाळेतला?

भाचीने वही काढलीये. गोष्ट लिहितेय म्हणे.