चिंगीची ॲजिलिटी, माझा अनुभव

आमच्या चिंगी कुत्रीला गप्प बसणं माहीतच नाही, लांब फिरवून आणलं तरी घरात परत धुडगूस चालूच, सोफ्यावरून उडी, टेबलाखालून घुसून पलीकडे, म्हणून म्हटलं उड्याच मारायच्यात ना मग जरा रीतसर मार बाई, आणि चौकशी करून ॲजिलिटीला, म्हणजे कुत्र्याला आपल्याबरोबर पळवत अडथळे पार करायला लावायच्या खेळाला, नाव घातलं. व्हिडिओ बघून वाटलेलं की गेल्या गेल्या टनेल, जंप सगळं सुरू होणार.

कसलं काय! ट्रेनरबाईंनी आधी वय विचारलं आणि व्हेटकडून सांधे अन् वजन तपासून यायला सांगितलं. वजन थोडं जास्त निघालं, ते आधी उतरवलं, कारण उडी मारून खाली येताना सगळा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो. पिल्लू असेल तर अजूनच सांभाळायचं, हाडांची वाढ पूर्ण व्हायच्या आत उंच जंपा लावायच्या नाहीत, दांडी जमिनीवरच ठेवायची. एफसीआयच्या, म्हणजे कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, स्पर्धेत तर 18 महिन्यांच्या आतलं कुत्रं चालतच नाही. चिंगी दोन वर्षांची, त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

पण तरी अडथळे लगेच मिळाले नाहीतच. आधी फ्लॅटवर्क, म्हणजे रिकामं मैदान, मी धावायचं आणि तिने कधी डावीकडून कधी उजवीकडून माझ्या बरोबरीने यायचं. मला हे बोअर वाटायला लागलं तेव्हा ट्रेनरबाईंनी एक गंमत दाखवली. शेजारी शेजारी एक जंप आणि एक टनेल ठेवला, दोन्ही तिला येत होते, आणि मला म्हणाल्या तोंडाने टनेल म्हण पण खांदे आणि पाय जंपकडे वळव. चिंगी सरळ जंपवरून गेली, टनेलकडे बघितलंही नाही! तेव्हा डोक्यात शिरलं की ही माझं बोलणं ऐकते कमी आणि माझं अंग वाचते जास्त, म्हणजे शिकायचं आहे ते बरंचसं मलाच.

मग फ्रंट क्रॉस. कुत्रं आपल्याकडे येत असताना त्याच्या पुढून, त्याच्याकडे तोंड करून वळायचं आणि बाजू बदलायची, वाचायला सोपं आहे पण धावताना पायात पाय अडकतात. मी घरी खुर्च्या मांडून चिंगीला न घेताच प्रॅक्टिस करायचे आणि ती बाहेरून दाराला नाक लावून बसायची. स्पर्धेतही आधी हँडलर, म्हणजे कुत्र्याला पळवणारा माणूस, एकटाच कोर्स चालून बघतो, कुठे वळायचं ते पाठ करतो. हे घोड्यांच्या शो जंपिंगमध्येही असतं आणि ॲजिलिटी तिथूनच उचललेली आहे, 1978 मध्ये क्रफ्ट्स डॉग शोमध्ये मधल्या वेळात करमणूक म्हणून पहिल्यांदा दाखवली होती.

टनेल तिला लगेच आवडला, फक्त दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तो घट्ट बसवा, आत असताना हलला की कुत्रं पुढे जाम जात नाही. सीसॉ मात्र डोक्याला ताप. उंचीचं काही नाही, फळी खाली आपटते त्या आवाजाची भीती. म्हणून फळीच्या टोकाखाली जाड उशी ठेवली, जेमतेम हलेल एवढीच, आणि प्रत्येक धपकीला चिकनचा तुकडा, मग हळूहळू उशी पातळ. आता ती स्वतःच पंजाने फळी आपटते आणि माझ्या खिशाकडे बघते.

सीसॉ, ए-फ्रेम (दोन तिरक्या फळ्यांचा चढ-उतार), डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी) तिन्हींच्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, कॉन्टॅक्ट झोन, तिथे निदान एक पंजा लागलाच पाहिजे. कटकट वाटते, पण त्यामुळे कुत्रं वरूनच उडी टाकत नाही. आम्ही उतरताना पुढचे दोन पाय जमिनीवर, मागचे दोन फळीवर आणि थांब, असं शिकवलं.

वीव्ह पोल्सना, म्हणजे ओळीत उभ्या खांबांमधून नागमोडी जायला, सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि त्यात काही शॉर्टकट नाही. पूर्ण सेट 12 पोल्सचा, दोन पोल्समध्ये 60 सेंटीमीटर, आणि शिरताना पहिला पोल कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडे हवा, तुम्ही कुठूनही धावत या. आम्ही दोन पोल्सपासून सुरुवात केली, सध्या सहावर आहोत, सरळ आलो तर एंट्री छान, तिरके आलो की बाईसाहेब दुसऱ्या गॅपमध्ये.

सुरू करणाऱ्यांनी सगळं सामान लगेच विकत घेऊ नका, एक टनेल आणि दोन जंपा खूप झाल्या. जंपची दांडी धक्का लागला की लगेच पडणारीच घ्या, घट्ट बसवलेली नको, पाय मोडेल. आणि फरशीवर किंवा घसरड्या जागेवर अजिबात उड्या मारायला लावू नका, गवत किंवा मॅटच बरी. सेशन छोटं ठेवा, अजून पाहिजे असं कुत्र्याला वाटत असतानाच बंद करायचं, हे मला जमतं पण चिंगीला पटत नाही, ती टनेलमध्ये जाऊन बसते.