मुलाच्या निम्म्या फीसाठी केलेला अर्ज: माझा अनुभव

मी गेली बावीस वर्षे पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करतो. मोबदला पानांच्या हिशेबाने मिळतो, त्यामुळे हातात पगारपत्रक येत नाही, आणि पाठ्यपुस्तकांचा हंगाम सोडला तर काम बेताचेच असते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुलाला कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत शहरातीलच एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्या संध्याकाळी घरात पेढे आले, पण शुल्काच्या तक्त्यातील १,०८,००० रुपये हा शिक्षण शुल्काचा आकडा आणि त्याखालचे वेगळे विकास शुल्क पाहून मला रात्रभर झोप लागली नाही.

आम्ही खुल्या प्रवर्गातले. आमच्यासारख्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, जिला महाविद्यालयांत अजूनही सगळे ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणूनच ओळखतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर निम्मे शिक्षण शुल्क शासन देते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्यांना हा लाभ मिळत नाही आणि एका कुटुंबातील दोनच अपत्यांना तो घेता येतो. अर्ज शासनाच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर करायचा असतो.

सर्वांत जास्त दिवस उत्पन्नाच्या दाखल्यात गेले. नोकरदार माणूस फॉर्म १६ जोडतो आणि मोकळा होतो. माझ्याकडे मालकाने वेळोवेळी दिलेल्या पावत्या आणि बँकेचे पासबुक एवढेच होते. सेतू केंद्रातून अर्ज भरल्यावर तलाठी कार्यालयात चौकशी झाली, स्वयंघोषणापत्र दिले, दोन शेजाऱ्यांचे जबाब झाले. पत्नी घरी ब्लाउज शिवते, तिची कमाईही मी धरली आणि एकूण ३,२०,००० रुपये लिहिले. रांगेतल्या एका गृहस्थांनी मला आकडा कमी लिहिण्याचा सल्ला दिला होता. तो त्यांनी आपुलकीनेच दिला असेल, पण मर्यादा ८ लाखांची असताना खरे उत्पन्न लपवण्याची गरजच काय, हे अनेकांना ठाऊक नसते आणि भीतीपोटी लोक भलतेच आकडे लिहून पुढे अडचणीत येतात. तहसीलदारांच्या सहीचा दाखला गणपती बसायच्या आदल्या दिवशी हाती आला. त्यावर तो ३१ मार्चपर्यंतच वैध असल्याचे छापलेले होते, ते वाचून मी अधिवास प्रमाणपत्राचे कामही त्याच आठवड्यात उरकून घेतले.

दुसरी अडचण नावाची निघाली. मुलाचे नाव श्रीनिवास. दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत ते ‘व्ही’ने लिहिलेले आणि आधार कार्डावर ‘डब्ल्यू’ने. आयुष्यभर अक्षरे तपासण्याचेच काम केल्यामुळे असेल, दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवताच ते अक्षर माझ्या डोळ्यांत खुपले. पोर्टलवरील नोंदणी आधारच्या ओटीपीने होते आणि नाव आधारवरूनच उचलले जाते, त्यामुळे पुढे गुणपत्रिकेशी तफावत निघाली असती. गुणपत्रिका पुरावा म्हणून दाखवून आधार केंद्रात दुरुस्ती करून घेतली आणि ती झाल्यावरच नोंदणी केली. या वाटेने जाणाऱ्या पालकांना माझे कळकळीने सांगणे आहे की निकालाची वाट पाहण्याच्या दिवसांतच आधार, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचे पासबुक या चारही ठिकाणचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

प्रत्यक्ष अर्ज आम्ही दिवाळीच्या आधी, मुलाच्या मित्राच्या घरी संगणकावर बसून भरला. प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवावा लागतो. फाइल लहान करताना कॅपच्या वाटपपत्रावरील क्रमांक पुसट झाला, हे आमच्या लक्षात आले नाही. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो, तिथे छाननी होऊन मगच शासनाच्या विभागाकडे सरकतो. आठवड्याभरात महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातील लिपिकाचा फोन आला. “काका, अर्ज परत पाठवतोय, घाबरू नका. वाटपपत्र पुन्हा स्कॅन करा आणि दोन अपत्यांच्या हमीपत्रावर तुमची सही राहिलीय, ती करा. इथेच थांबवला तर बरं, वरून परत आला तर महिना जाईल.” त्या मुलाचे आमच्यावर उपकार आहेत, कारण असा फोन करणे त्याच्या कामात बसत नव्हते.

त्याच महाविद्यालयाच्या लेखा विभागाचा अनुभव मात्र मनाला लागला. प्रवेशाच्या वेळी तिथे संपूर्ण शुल्क मागितले गेले आणि शिष्यवृत्ती आली की परत देऊ असे सांगण्यात आले. पात्र विद्यार्थ्यांकडून संपूर्ण शुल्काचा आग्रह धरू नये अशा शासनाच्या सूचना आहेत, याची मी नम्रपणे आठवण करून दिली, तरी दोन फेऱ्या वाया गेल्या. तिसऱ्या वेळी लेखी अर्ज घेऊन गेलो आणि त्याच्या प्रतीवर पोच मागितली, तेव्हा हमीपत्र लिहून घेऊन निम्मे शुल्क भरण्याची परवानगी मिळाली. ज्या पालकाला असे लिहिता येत नाही त्याने काय करावे, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

आम्हाला भरायच्या या निम्म्या शुल्कासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःची रक्कम घालावी लागत नाही, तारणही लागत नाही. पालक सहकर्जदार असतो आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास तोवरचे व्याज केंद्राच्या अनुदान योजनेतून मिळू शकते. त्यासाठी महाविद्यालय वा अभ्यासक्रम मानांकित असावा लागतो. उत्पन्नाचा तोच दाखला तिथेही उपयोगी पडला.

जानेवारीत पोर्टलवर ‘मंजूर’ अशी नोंद दिसली आणि आम्ही निश्चिंत झालो. पैसे मात्र येईनात. मार्च गेला, एप्रिल गेला. महाविद्यालयातून दोनदा आठवण आली आणि परीक्षेचे प्रवेशपत्र अडवले जाईल की काय, या काळजीने पत्नीने तिच्या बांगड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. अखेर मुलाने आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती तपासली, तेव्हा उलगडा झाला. थेट लाभाची रक्कम पासबुकावरच्या क्रमांकाकडे पाहून येत नाही, तर आधार शेवटचे ज्या एका खात्याशी जोडलेले असेल त्या खात्यात जाते. मुलाचे आधार सहावीत असताना शाळेने उघडून दिलेल्या खात्याशी जोडलेले होते आणि व्यवहार नसल्याने ते खाते केव्हाच निष्क्रिय झाले होते. आम्ही नव्या खात्याच्या शाखेत संमतिपत्र भरून जोडणी बदलून घेतली, बदल संकेतस्थळावर दिसेपर्यंत रोज तपासत राहिलो आणि महाविद्यालयाला सर्व लेखी कळवले. बांगड्या पत्नीच्या हातात परत गेल्या.

पहिला हप्ता जुलैमध्ये आला. मुलगा आणि मी दोघे त्याच दिवशी पीएमटीने महाविद्यालयात गेलो, रक्कम भरली आणि पावती घेतली. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करायचा होता, त्यासाठीचे कागद मी जूनमध्येच लावून ठेवले होते. धाकटी मुलगी आता बारावीत आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शंभर टक्के माफ झाले आहे. तिच्या नावाची वेगळी फाइल मी केली असून तिचे आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे, ते सर्वांत आधी पाहून घेतले आहे.