डिकीतली हवा

पाथर्डी फाट्याजवळ माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे टायर. डिसेंबर-जानेवारीत शटर वर करायच्या आधीच दारात दोन-तीन गाड्या उभ्या असतात आणि बहुतेकांची तक्रार एकच: डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय. घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. दुपारी तोच दिवा आपोआप विझतो, म्हणून लोकांना वाटतं चाकातला, हवेचा दाब मोजणारा सेन्सर खराब आहे.

सेन्सर खराब नसतो. नाशकात थंडीत दुपारी अठ्ठावीस-तीस अंश आणि पहाटे आठ-दहा, हे रोजचंच. तापमान साधारण साडेपाच-सहा अंश उतरलं की टायरमधली हवा एक पीएसआयने उतरते; पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप. म्हणजे भर दुपारी तेहतीस भरलेली हवा पहाटे एकोणतीस-तीसवर येते. त्यात दोन महिने हवा तपासलेलीच नसेल, तर ती पंचवीस-सव्वीसच्या खाली जाते आणि दिवा लागतो. गिऱ्हाइकाला मी हे दर वर्षी समजावतो. हवा सकाळी, टायर गार असताना बघा, हेही सांगतो. ऐकणारे थोडे.

आबा आले त्या दिवशी मात्र दिवा लागलेला नव्हता, आणि खरी भानगड तीच होती.

आबा पिंपळगावकडचे द्राक्ष बागायतदार, माझे जुने गिऱ्हाईक. सकाळी साडेनऊला आले. अंगावरच्या शालीला धुराचा वास येत होता. निफाड भागात पारा पार खाली गेला होता आणि घड तडकू नयेत म्हणून ते पहाटे चारपासून बागेत शेकोट्या करत होते. डोळे लाल.

"भाऊ, गाडी डावीकडं ओढती. अलाइनमेंट करून दे. रात्री नागपूरला निघायचंय, लग्न आहे. शिर्डीहून समृद्धीला लागणार. तुझ्या काकू, लेक, नात, सगळे आहेत."

अलाइनमेंटच्या आधी हवा बघायची, हा माझा नियम आहे. एका चाकात हवा कमी असली तरी गाडी ओढते, आणि तशीच अलाइनमेंट केली तर तिचा काही उपयोग नाही. मी आत बसून स्क्रीनवर टायरचं पान उघडलं. चारही चाकांसमोर एकतीस. मी म्हटलं, चला, हवा सारखी आहे. दार उघडून पाय खाली टाकला आणि तिथेच थांबलो.

आबा पिंपळगावहून चाळीसएक किलोमीटर गाडी चालवत आले होते. चालून आलेला टायर गरम असतो, त्यात गार टायरपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त दिसायला हवेत. बरं, चारही चाकं कधी अगदी एकसारखी नसतात. पुढे इंजिनचं वजन असतं, ब्रेक तापतात, एका बाजूला ऊन असतं. छत्तीस, पस्तीस, छत्तीस, चौतीस असं काहीतरी दिसतं. इथे चार वेळा एकतीस, जणू कोणी लिहून ठेवलंय.

गेज घेऊन खाली बसलो. पुढचं उजवं पस्तीस. मागची दोन्ही चौतीस. पुढचं डावं सतरा.

आधी गेजवरच संशय आला. दुसरं गेज आणलं. सतरा. आमच्या कारागिराला लावायला सांगितलं, त्यालाही सतरा. गाडीचा स्क्रीन अजूनही एकतीस दाखवत होता.

टायर बसलेला दिसत कसा नाही, असं कोणी विचारेल. आबांनी दिवाळीत मूळ सोळा इंची चाकं काढून सतरा इंची अलॉय बसवली होती. त्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, बुटकी असते. निम्मी हवा गेली तरी नुसत्या डोळ्याला नीट कळत नाही. मी स्वतः दोन पावलांवरून बघितलं तेव्हा मलाही ते कळलं नव्हतं.

माझ्याकडे सेन्सर जागे करायचं हातातलं यंत्र आहे. वॉल्व्हजवळ धरलं की आतला सेन्सर त्याला उत्तर देतो: हवा किती, तापमान किती, बॅटरी कशी, त्याचा नंबर काय. पुढच्या डाव्या चाकाला धरलं, उत्तर नाही. बाकीची तिन्ही चाकंही गप्प. मग वॉल्व्हकडे नीट बघितलं. साधे रबरी वॉल्व्ह. या गाडीला कंपनीकडून धातूचा वॉल्व्ह असलेले सेन्सर येतात, नटने आवळलेले. म्हणजे चाकांत सेन्सरच नव्हते. मग स्क्रीनवर आकडे पाठवत कोण होतं?

मी आबांकडे बघितलं. ते चहाच्या कपात बघत होते.

"डिकी उघडू का, आबा?"

स्टेपनीच्या खळग्यात जॅकशेजारी एक पीव्हीसी पाइप होता. नव्वद मिलिमीटरचा, हातभर लांब, दोन्ही टोकांना सोल्युशन लावून बसवलेली झाकणं आणि एका झाकणातून बाहेर आलेला टायरचा वॉल्व्ह. हलवला तर आत खुळखुळ्यासारखा आवाज. गाडीचे चारही सेन्सर त्यात होते. मी गेज लावलं. एकतीस.

आबांनी सगळं सांगितलं. अलॉय जिथून घेतली तिथे त्यांना म्हणाले, या रिमला सेन्सर बसत नाहीत, आणि जुने काढून पिशवीत घालून दिले. ते खरं नव्हतं. आबांच्या रिमला वॉल्व्हचं भोक नेहमीच्याच मापाचं होतं, सेन्सर आरामात बसले असते. मग दिवा लागला आणि सतत लागून राहिला. आबांनी भाच्याला फोन केला. भाचा कॅनडात, माँट्रियलला. त्याने हा उपाय सांगितला. घरी बागेच्या पाइपलाइनचे तुकडे पडलेलेच होते, सोल्युशनचा डबा होता. अर्ध्या तासात काम झालं. काही सेन्सर चाक फिरल्याशिवाय सिग्नलच पाठवत नाहीत, पण आबांच्या गाडीतले थांबूनही अधूनमधून पाठवत होते. त्यामुळे दिवा विझला.

साडेदहाला आबांनी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे बारा वाजले होते, पण पोरगा जागा होता. मी पाइप कॅमेऱ्यासमोर धरला.

तो म्हणाला, "दादा, इथं हे काही जण करतात. मी आबामामांना गंमत म्हणून सांगितलं होतं."

तिकडची परिस्थिती मी त्याच्याकडून नीट समजून घेतली, कारण मला ती खरंच हवी होती. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला विंटर टायर लावावेच लागतात, कायदाच आहे. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की आपल्यासारख्या साध्या टायरचं रबर कडक होतं, रस्त्याला धरत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. दर वर्षी दोनदा टायर रिमवरून काढण्यापेक्षा बरेच लोक विंटर टायर वेगळ्या रिमवर चढवून ठेवतात आणि अख्खी चाकंच बदलतात. सेन्सर मात्र उन्हाळी चाकांत राहतात, ती चाकं गॅरेजमध्ये, आणि गाडीवरचा दिवा चार महिने लागलेला. शहाणा माणूस दुसरे चार सेन्सर घेतो. त्यांत जुन्यांचेच नंबर उतरवून घेता येतात, म्हणजे गाडीला फरक कळत नाही. ज्याला तो खर्च नको असतो, तो असा पाइप करतो.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी दुसरा सेट घेतला, दादा." आणि मग आबांना म्हणाला, "मामा, मी हे तुम्हाला सांगायला नको होतं."

आबा काही बोलले नाहीत.

मी पुढचं डावं चाक मशीनवर घेतलं. आतल्या कडेजवळ लाकडात मारतात तसा एक स्क्रू पूर्ण रुतलेला होता. हवा हळूहळू जात होती, कदाचित आठवडाभर. टायर रिमवरून सोडवला आणि आबांना बोलावलं. आत हात घालून बाहेर काढला तर बोटांना काळा चुरा, चहाच्या बारीक पावडरसारखा. आतल्या साइडवॉलला गोल फिरलेली एक सुरकुती, तिथे रबर घासून खडबडीत झालेलं. मी आबांचं बोट त्या सुरकुतीवर ठेवलं. कमी हवेत टायर चालला की त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि तापते. रबर आतून असं सुटायला लागतं. बाहेरून काहीच दिसत नाही. बाहेरून टायर नवाकोरा होता, दिवाळीतलाच.

"पंक्चर काढून चालणार नाही?"

"नाही आबा. हा टायर गेला."

समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. रस्ता सरळ, टायरला उसंत नाही. असा टायर घाटात कदाचित नुसता बसला असता, समृद्धीवर फाटला असता. हे मी त्यांना मोठ्याने बोललो नाही. त्यांचं बोट अजून त्या सुरकुतीवरच होतं आणि नात कितवीत आहे ते मला ठाऊक होतं.

या दिव्याबद्दल मला इतकं का वाटतं तेही सांगतो. १९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत टायर फाटून गाड्या उलटल्या, खूप माणसं गेली. त्यानंतर २००० साली तिथे कायदा आला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीला हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा पंचवीस टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ती आहे. आपल्याकडे २०२० च्या नियमबदलात ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे काही गाड्यांत आता स्टेपनीच्या जागी हा दिवाच आहे. तो खोटा बोलायला लागला तर माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

आणि माझ्या हातूनही चूक झालेली आहे. पहिल्यांदा सेन्सरवाली गाडी दुकानात आली तेव्हा मला काही माहीत नव्हतं. बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी टायरची कड, सोडवताना मशीनचा पंजा नेमका वॉल्व्हच्या बाजूने दाबला आणि सेन्सरचे दोन तुकडे झाले. पैसे खिशातून भरले. तेव्हापासून टायर हातात घेण्याआधी वॉल्व्ह कुठे आहे ते बघतो, पंजा वॉल्व्हपासून लांब लावतो. पंक्चरचं द्रव किट भरून आलेल्या टायरमध्येही सेन्सरचं बारीक छिद्र आधी तपासतो, कारण ते पातळ औषध त्यात जाऊन सुकतं.

पाइप कापायच्या आधी त्यातली हवा सोडली. आबांना सांगितलं, बागेचा पाइप चार किलो दाबाचा असतो हे बरोबर, आणि एकतीस पीएसआय म्हणजे दोन-सव्वादोन किलोच. पण तो हिशेब पाण्याचा आहे. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडतं, हवेचा फुटला तर तुकडे उडतात. शिवाय मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पीव्हीसी मऊ पडतं. नात मागच्या सीटवर बसते. आबांनी मान हलवली आणि करवत माझ्या हातातून घेऊन स्वतः पाइप कापला.

चारांतले तीन सेन्सर चांगले निघाले. चौथ्याची बॅटरी संपत आली होती. सहा वर्षांच्या गाडीत ते स्वाभाविक आहे; बॅटरी आत सीलबंद असते, पाच ते दहा वर्षं टिकते, बदलता येत नाही. माझ्याकडे ४३३ मेगाहर्ट्झचा कोरा सेन्सर होता. त्यात जुन्याचा नंबर उतरवला आणि जुना गाडीपासून लांब, मागच्या कपाटात ठेवला, नाहीतर एकाच नंबरचे दोघे बोलत राहिले असते. प्रत्येक वॉल्व्हला नवं रबर सील, नवा नट, निकेलचा मुलामा असलेली नवी पिन. साधी पितळी पिन ॲल्युमिनियमच्या वॉल्व्हमध्ये घातली तर थोड्या दिवसांत गंजून आतच धरते, मग हवा भरता येत नाही की सोडता येत नाही. नट छोट्या टॉर्क पान्याने, अंदाजाने नाही.

नवा टायर, बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. अलाइनमेंटमध्ये फारसा दोष नव्हताच.

शेवटी मी आणि आबा गाडी घेऊन विल्होळीपर्यंत जाऊन आलो, कारण सेन्सर ओळखायला गाडीला थोडं चालावं लागतं. निघताना दिवा मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर राहिला. आबा घाबरले. मी सांगितलं, आधी लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेला काहीतरी सापडत नाहीये. सुरुवातीपासून स्थिर असेल तर हवा कमी आहे, लगेच थांबायचं. परतीच्या वाटेवर दिवा विझला. एकेक आकडा स्क्रीनवर आला. पस्तीस. चौतीस. चौतीस. पस्तीस.

पैसे देताना आबांनी कापलेला पाइप मागितला. मी दिला नाही. तो माझ्या काउंटरवर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोटो आला, समृद्धीवरच्या पेट्रोल पंपावरून काढलेला. पहाट बागेत गेली म्हणून रात्रीऐवजी सकाळी निघाले होते. स्क्रीनवर डाव्या बाजूला छत्तीस, पस्तीस, उजव्या बाजूला सदतीस, सदतीस. खाली लिहिलं होतं: "उजवीकडं जास्त का दाखवतंय? थांबू का?"

मी लिहिलं, "थांबू नका. पूर्वेला चाललाय, ऊन उजव्या बाजूला आहे."