काचेच्या नळीतली वीस मिनिटे

जुलैमध्ये मुळशीकडे भातलावणी सुरू झाली, की पुण्यातील आमच्या कॅज्युअल्टीत सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. त्या दुपारी पन्नाशीतले एक शेतकरी आले. पुतण्याने त्यांना चालू न देता मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणले, हे त्याने उत्तम केले. मात्र वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष मिळू शकत असताना तो थेट शहरात आला, आणि पोटरीवर त्याने गुराचे दावे आवळून बांधले होते.

साप अजगराचे पिल्लू असावे, असे समजून काका आधी बांधावर थोडा वेळ बसूनच राहिले होते. पुतण्याच्या मोबाइलमधल्या फोटोत पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके स्पष्ट दिसत होते. ती घोणस होती.

पाऊल निळसर पडले होते आणि घोट्यातला नजरेचा काळा दोरा सुजेत इतका रुतला होता, की कात्रीचे टोक आत घालणे कठीण झाले. तो कापला, पण दाव्याला लगेच हात लावला नाही. ‘डॉक्टर, सोडू नका, विष वर चढेल,’ असे पुतण्या सांगत होता. त्याची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण आवळलेली गाठ एकदम सोडल्यास अडलेले विष एका झटक्यात शरीरभर पसरू शकते. दंशानंतर ती बांधूच नये, अवयव लाकडी पट्टीच्या आधाराने स्थिर ठेवावा, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. आधी सलाइन लावले, प्रतिविष तयार ठेवले आणि मग गाठ हळूहळू सैल केली.

त्याआधीच सिस्टरांनी लॅबमधून कोरी, कोरडी काचेची नळी आणली होती. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी या चाचणीत फसवते. तिच्यात 2 मिलिलिटर रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता उभी ठेवली. मग तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखे वाहिले. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवली होती.

प्रतिविषाच्या 10 कुप्या सुरू केल्या. काही मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या आणि थंडी भरली. प्रतिविष थांबवून, भरून ठेवलेले ॲड्रेनॅलिन मांडीत टोचले. त्रास ओसरल्यावर पुन्हा संथ गतीने चालू केले. सहा तासांनी चाचणी केली, तरी रक्त गोठेना, म्हणून आणखी 10 कुप्या दिल्या. मूत्रपिंडांच्या काळजीने रात्रभर लघवीचे माप मोजत होतो.

पहाटे नळी उलटी धरली, तेव्हा गाठ तळालाच चिकटून राहिली. पुतण्याला ती दाखवली, तर त्याने दाव्याची चौकशी केली. गाय कालपासून सुतळीला बांधलेली होती.